काळं शंकरपाळं

दिवाळीत ताटात शंकरपाळे आले की माझं तोंड कडू होतं. आई चिडते. म्हणते, "एवढं तुपातलं केलंय आन् ही बघा कशी नाक मुरडती!" तिला काय सांगू? तिच्या शंकरपाळ्यात काही खोट नाही. मला आठवतं ते आमच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावरचं, मार्करनं रगडून काळं केलेलं एक शंकरपाळं. ते आठवलं की आजही शिसारी येते, आणि ती मी गिळून टाकणारी बाई नाही, हे आधीच सांगते.

मी तेव्हा बीडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. कंपनी म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, लाईट गेली की कुंथणारा एक इन्व्हर्टर आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेले सर. माझं काम असं की कुणी माहिती भरायचा फॉर्म बनवून मागितला, की तो आधी चौकोन काढून मांडायचा. कोणती माहिती कशाच्या पोटात जाते, एक पुसली तर तिच्याबरोबर दुसरी कोणती पुसली जाते, ते चित्रातच ठरतं. एकदा ठरलं की पुढं कुणी बघत नाही.

त्यात पॅरेंट फॉर्म आणि चाइल्ड फॉर्म ही रोजची भानगड. किराणा दुकानाचं बिल डोळ्यापुढं आणा. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली साखर, चहा, तेल एकेका ओळीत. वरचा तो पॅरेंट, खालच्या ओळी ते चाइल्ड. चित्रात दोन चौकोन काढायचे, मधे रेघ ओढायची आणि रेघेच्या वरच्या टोकाला एक छोटं शंकरपाळं काढायचं. ते पोकळ ठेवलं तर वरचं गेलं तरी खालचं आपलं आपण राहतं. आतून काळं भरलं तर खालच्याला स्वतःचं काहीच नाही; वरचं जसं, तसं खालचं. बिल फाडलं की त्यावरची साखर गेली. बिलाला हे काळं शंकरपाळं ठीक आहे, पण आमच्या सरांनी ते लेकरांना लावलं.

काम आलं होतं ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या नोंदीचं. आमच्याकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मोठी माणसं तोडीला जातात आणि ज्यांच्या लेकरांना गावातच राहून शिकायचंय, त्यांच्यासाठी शाळेत हंगामापुरतं वसतिगृह चालतं. तिथं जागा मिळायला एक कागद लागतो. आई-बाप तोडीला चाललेत, लेकरू मागं राहतंय, असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली अंगठा किंवा सही. तो कागद आता कॉम्प्युटरमधून निघणार होता, आणि तो काढणारा फॉर्म आम्ही बनवणार होतो.

सरांनी या कामाचा अभ्यास केला. अभ्यास म्हणजे हायवेवरच्या एका ढाब्यावर तोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका मुकादमाबरोबर बसून मटण खाल्लं. परत आले ते दातात काडी घालून. म्हणाले, "फार सोपं आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमानंच सांगितलं."

मुकादम खोटं बोलला असंही नाही. एक तोडणार, एक मोळ्या बांधून वाहणार, अशा जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात, आणि बहुतेक जोड्या नवरा-बायकोच्याच असतात. पण बहुतेक. आमच्या एका गल्लीत बाप-लेकाचा कोयता होता, सासू-सुनेचा होता, आणि आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या अक्काचा तिच्या पाठच्या भावाबरोबर होता. अक्काचा नवरा उसाच्या फडातच साप चावून गेला. भावजय ट्रॉलीवरून पडल्यापासून कमरेनं अधू. मग बहीण-भावानं मिळून एक कोयता केला. यात गावाला काही वावगं वाटलं नव्हतं, वाटायचं कारणच नव्हतं.

मी त्याच दुपारी माझं चित्र काढलं. आईचा चौकोन वेगळा, बापाचा वेगळा, लेकरू त्या दोघांना बांधलेलं. कोयता बाजूला, पोकळ शंकरपाळ्यानं जोडलेला, आणि त्यात एक रकाना: जोडीदाराशी नातं काय.

सरांनी ते पाहिलं आणि हसले. असं हसले की आजही कानफटात द्यावीशी वाटते.

"किती गुंता केलायस गं हा! कोयता हाच पॅरेंट. वर पती, पत्नी. खाली अपत्यं. नातं विचारायचंच कशाला? ते आपोआप येतं. आणि मुलांची पूर्ण नावं टाइप करायची गरज नाही. मधलं नाव, आडनाव पतीच्या रकान्यातून उचलायचं. रकाने कमी, चुका कमी."

"सर, आमच्या गावात बहीण-भावाचा कोयता आहे."

"असेल एखादा. अपवादांवर मॉडेल बनवत नसतात."

"विधवा बाईनं काय करायचं मग?"

"तिनं? तिची केस फेज टूमध्ये घेऊ."

असं म्हणून त्यांनी बोटानंच माझी रेघ पुसली. पुसलेलं बोट पँटीला लावलं आणि मार्कर घेऊन शंकरपाळं काळं करायला लागले. मार्कर वाळत आला होता, करकर वाजत होता. ते रगडत राहिले, आणि बाकीची सगळी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकी घालून बसली. शी! बाई विधवा झाली तर तिनं दुसऱ्या फेजपर्यंत थांबायचं, आणि हे असं बोलताना माणसाच्या दातात मटणाची काडी.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली असताना आमच्या गावाची पाळी आली. गाव धारूरच्या घाटाखाली, माझंच गाव, म्हणून सरांनी मलाही ऑपरेटरबरोबर पाठवलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लावलं, लॅपटॉप, प्रिंटर, शाईचा पॅड. रांग लागली. ज्यांचे कोयते नवरा-बायकोचे, त्यांचे कागद भराभर निघाले. ऑपरेटर कागद वाचून दाखवायचा, माणसं अंगठा लावायची, लेकरं पेट्या घेऊन आत पळायची.

अक्का आली ती भावाला आणि पोरीला घेऊन. मागून भावजयही काठी टेकत आलेली, तिच्या पोरांचंही नाव घालायचं होतं. अक्काची पोरगी सातवी पास होऊन आठवीत गेलेली, बोलायला फटकळ, वाचायला त्याहून तेज. तिनं पत्र्याची पेटी आधीच भरून आणली होती. पेटीवर खडूनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलेलं, मधे बापाचं. आदल्या वर्षी ती वसतिगृहात राहिली होती आणि यंदाही राहायचं म्हणून केव्हाची नाचत होती. मला म्हणाली, "ताई, खिडकीजवळची जागा मला मिळल का?"

म्हटलं, "मिळंल की."

ऑपरेटरनं पहिल्या रकान्यात भावाचं नाव टाकलं. दुसऱ्यात अक्काचं टाकल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकेना. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "थांबून काय करू ताई? ह्येच्याशिवाय दुसरा रस्ताच न्हाई." त्यानं टाकलं. खाली पोरीचं नाव टाकलं. प्रिंटरनं कागद ओकला, आणि त्या मठ्ठानं सगळ्यांसारखाच तोही मोठ्यानं वाचला. आम्ही उभयता पती-पत्नी ऊसतोडीसाठी जात असून आमचे अपत्य, आणि पुढं पोरीचं नाव, मधे मामाचं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं.

भाऊ टेबलावर धावून आला. "काय वाचलास बे? कोन कुणाची बायकू?"

"मी न्हाई दादा, सिस्टीमनं टाकलंय."

"शिष्टीमला सांग, भैन हाय माजी!"

अक्काचा अंगठा तोवर शाईत बुडवून झाला होता. तिनं तो तसाच धरला, कागदाकडं पाहिलं, ऑपरेटरकडं पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला, पण ऐकू येत होतं. ती व्हरांड्याच्या कडेला गेली आणि थुंकली. परत आली आणि म्हणाली, "भाऊबीजेला ववाळते मी त्याला. ह्यावर अंगठा मी मेले तरी देणार न्हाई."

पोरीनं कागद ओढून घेतला. तिनं आईची ओळ वाचलीच नाही, स्वतःची वाचली. "ताई, माझं नाव चुकलंय. हितं मामाचं नाव आलंय. माझ्या पप्पांचं कुठंय?"

मी पेन काढलं. मामाचं नाव खोडलं, वर बापाचं लिहिलं, 'पती-पत्नी' खोडून 'बहीण-भाऊ' केलं. मुख्याध्यापकांनी कागद हातात घेतला आणि मान हलवली. खाडाखोड केलेला कागद वर चालत नव्हता म्हणे. मग ते अक्काला गोड आवाजात समजवायला लागले, "अहो बाई, कागदच तो. कोण वाचतंय? अंगठा लावा, पोरीची सोय होईल." रांगेतल्या दोघी-तिघींनीही तेच म्हटलं. लावून टाक गं, पोरीकडं बघ. त्या बायका वाईट नव्हत्या. पण एखादीला तिच्या भावाची बायको म्हणून अंगठा दे असं सांगायचं आणि वर तिच्याच पोरीची शपथ घालायची, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मी सरांना फोन लावला.

"सर, फॉर्मनं बहिणीला भावाची बायको केलंय. मरून गेलेल्या बापाचं नाव पोरीच्या नावातून उडालंय."

पलीकडं कपबशीचा आवाज आला. "वाचून कशाला दाखवलं?"

"काय?"

"अगं, वाचून दाखवलं म्हणून तर गोंधळ झाला. अंगठा घ्यायचा आणि पुढं सरकायचं. मला त्या गावाचं एकही पेंडिंग नको."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी म्हटलं, तुमच्या बहिणीचं नाव टाकते याच रकान्यात, देता का सही? फोन कट झाला. ऑपरेटर माझ्याकडं आ वासून बघत होता. अक्कानं तोवर शाईचा अंगठा पदराला पुसला होता. निळा डाग पडला पदरावर. तिनं पोरीची पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि दोघी घरी गेल्या. मी हातात तो खोडलेला कागद घेऊन बसले.

हे तिथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पण गावाची जीभ! संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा तमाशा झाला. भाऊ दिसला की कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "काय दाजी, कारभारीन कशी हाय?" आणि दात काढायचे. त्यांना पुरतं ठाऊक होतं काय खरं ते. तेच लोक वर्षानुवर्षं त्या बहीण-भावाला एका ट्रॉलीतून जाताना बघत होते आणि तोंडातून ब्र काढत नव्हते. आता सरकारी शिक्क्याचा कागद निघाला म्हटल्यावर घाण बोलायला परवानाच मिळाला.

भावजयीनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दारात बसून रडायला लागली. "मला ठावं हाय ओ त्या बिचारीचं काय न्हाई. पन माझ्या पोरांनी काय ऐकावं? शाळंत पोरं त्यास्नी चिडवत्यात, तुला दोन आया हायत म्हनून." भाऊ मान खाली घालून बसला. त्या वर्षी भाऊबीजेला तो अक्काकडं आलाच नाही. ती ताट करून, निरांजन लावून उंबऱ्याशी बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. माझी आई तिला शंकरपाळे द्यायला गेली होती, ती डबा तसाच घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी भावानं निरोप धाडला, की मी यंदा दुसऱ्या माणसाबरोबर कोयता केलाय. एवढंच, पुढं काही नाही. आणि तिच्या टोळीच्या मुकादमाला तर अक्कानं शब्द देऊन उचल घेतलेली, त्याची गाडी दारात यायच्या बेतात. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता मला नको, जोडीदार आण.

जोडीदार कुठून आणणार होती ती?

गाडी आली तेव्हा मी बीडला होते, सरांशी भांडत. माझं जुनं चित्र परत काढून त्यांच्यापुढं ठेवलं होतं. पोकळ शंकरपाळं करा, नात्याचा एक रकाना घाला, एका दिवसाचं काम आहे, रात्र जागून मी करते. सर म्हणाले, "डिझाईन फ्रीज झालंय." फ्रीज झालंय म्हणे! जसं काही पांढऱ्या फळ्यावर देवानं काढून दिलंय ते. आई फोनवर म्हणाली, "अक्का गेली गं. पोरीलाबी घेऊन गेली. पेटी आपल्याकडं ठेवलीया."

मी विचारलं, "पोरगी फडावरच्या झोपडीत, कोपीत राहील ना? स्वैपाक-पाणी बघायला?"

आई म्हणाली, "तिचाच कोयता केलाय अक्कानं."

पुढं महिनाभरानं वरच्या ऑफिसातले कोणी साहेब आमचं काम बघायला येणार होते. सरांनी केबिनमध्ये मोठा स्क्रीन लावला, समोसे मागवले, आणि मला नोंदी दाखवायला बसवलं. साहेब म्हणाले, "कुठलीही एक काढा." मी आमच्या गावाच्या नोंदी उघडल्या. अक्काची जुनी नोंद नव्हती. भावाचा कोयता दुसऱ्याबरोबर झाला तशी ती बंद झाली होती, आणि काळ्या शंकरपाळ्यानं आपलं काम केलं होतं. वरची ओळ गेली आणि खाली लटकलेली पोरगीही गेली. वसतिगृहाच्या यादीत तिला जागा नाकारली असं कुठं लिहिलेलं नव्हतं. यादीच्या हिशेबी ती जागा मागायला आलीच नव्हती.

मग मी त्याच फॉर्मवर मुकादमानं फडावरून भरलेल्या टोळीच्या नोंदी चाळल्या, आणि तिथं मला त्या दोघी दिसल्या. फोटो होता. अक्काच्या डोक्याला फडकं बांधलेलं. शेजारी पोरगी, अंगात फ्रॉकवर तिच्या बापाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पानांनी हात कापू नयेत म्हणून. डोळे बारीक केलेले, उन्हामुळं असतील. फॉर्म जोडीशिवाय पुढं सरकत नाही, म्हणून भरणाऱ्यानं अक्काला पहिल्या रकान्यात टाकलं होतं आणि पोरीला दुसऱ्या. पती, आई. पत्नी, लेक. पोरीच्या वयाच्या जागी अठरा. खाली अपत्यांच्या ओळी कोऱ्या, त्यांच्या शेवटी फॉर्मनं स्वतःहून लिहिलेलं: अपत्ये नाहीत. आणि कोपऱ्यात हिरवी खूण, नोंद पूर्ण.

सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तोंडाला समोशाचा वास. "बघा साहेब," ते म्हणाले, "एकही एरर नाही."

मी उठून बाहेर मोरीत गेले आणि ओकले. खरंच ओकले. परत येऊन त्या साहेबांसमोर सगळं बोलले, स्क्रीनवर बोट ठेवून बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना सरांना म्हणाले, मुलगी हुशार आहे पण फार भावनिक आहे. सर खी खी हसले. त्या महिन्यात मी ते ऑफिस सोडलं. फार मोठा पराक्रम केला असं नाही. तिथं बसून डबाच जाईना. तो फॉर्म अजून चालू आहे, आणि फेज टू कुठं आहे हे मी कुणाला विचारलेलं नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास गाड्या परतल्या. पोरगी पेटी न्यायला आमच्याकडं आली. काळी पडलेली, हडकलेली, हाताच्या पंजांवर पानांचे चरे. पेटीवरचं खडूचं नाव पुसट झालं होतं. तिनं ते बोटानं चाचपलं. मी तिला म्हटलं, जूनमध्ये शाळेत जा, मी स्वतः येते तुझ्याबरोबर, बघते कोण जागा देत नाही ते. ती पेटीकडं वळली. पेटी उचलता उचलता थांबली.

"ताई, त्या तुमच्या कागदात पप्पांचं नाव आलं का मंग?"

"नाही गं," मी म्हटलं. "नाही आलं."

तिनं पेटी डोक्यावर नीट बसवली.

"मंग बरं झालं, आईनं अंगठा न्हाई दिला," ती म्हणाली आणि गेली.